पाणी पिऊन येतो

थंडेमामांवर कोणी ओरडलं की ते पाणी प्यायला जात. समोरचा माणूस तोंडाला फेस येईस्तोवर बोलत असला, घराण्याचा उद्धार करत असला, तरी मामा नुसता हात वर करत, "थांब, पाणी पिऊन येतो," म्हणत आणि उठत. पुढच्या खोलीत त्यांचा हातमाग होता. ती ओलांडून मधली खोली, तिथून परस, आणि परसाच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली, तिवईवर ठेवलेला माठ. तिथवर जायचं, उभ्यानं एक तांब्या पाणी प्यायचं आणि आल्या वाटेनं तसंच सावकाश परत यायचं. तोवर ओरडणाऱ्याची चांगलीच पंचाईत व्हायची, कारण रिकाम्या खोलीत मागाशी काही भांडता येत नाही. मामा परत येऊन बसत आणि अगदी मनापासून विचारत, "हां, काय म्हणत होता?" आता काय म्हणणार, कपाळ?

एकदा समोरच्या बापूरावांनी खाटेवर वाळत घातलेल्या कुरोड्या मामांच्या बकरीनं खाल्ल्या. बापूराव काठी घेऊनच आले. मामा पाणी प्यायला गेले, परत आले. बापूरावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मामा पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला बापूरावांचा घसा बसला आणि ते म्हणाले, "माह्यासाठीही आणजा एक गिलास." काठी त्या दिवशी मामांच्याच दारात राहिली, ती मामींनी पुढे कपडे वाळत घालायला वापरली.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. पवनीत आमचं घर त्यांच्या घराला लागून, एक भिंत दोघांत. माझी आई त्यांना राखी बांधायची, म्हणून ते मामा. आणि असा स्वभाव, म्हणून सगळ्या गल्लीचे थंडेमामा. त्यांचं खरं नाव मला कळलं ते माझ्या लग्नपत्रिकेवर घालायची वेळ आली तेव्हा.

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. शेवटचे सात महिने ते लकव्यानं खुर्चीला खिळले होते. त्या सात महिन्यांत त्यांनी ताटं फेकली, मुलाला नाही नाही ते बोलले आणि मामींना शिव्या दिल्या. गल्लीनं मग निकाल देऊन टाकला की म्हाताऱ्याचा असली स्वभाव शेवटी बाहेर आला. इतकी वर्षं नुसतं सोंग होतं म्हणे. हे वाक्य ऐकलं की अजून माझ्या डोक्यात सणक जाते. माझ्या डोक्यात सणक फार लवकर जाते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. पण या बाबतीत मी रागावले आहे ती बरोबर रागावले आहे, आणि मामा काय होते ते मला लिहून ठेवायचं आहे.

माझा राग वडिलांकडून आला, हे गल्लीत सर्वमान्य होतं. वडील रागावले की ताट भिंतीवर जायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वरणाचे डाग होते, ते दर दिवाळीला रंगवूनही थोडे दिसत. मी सात वर्षांची असताना वजाबाकी जमेना म्हणून पाटी उंबरठ्यावर आपटून फोडली. तेव्हा आजीनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, की पोरगी अगदी बापावर गेली. सांगताना तिच्या आवाजात काळजी कमी आणि अभिमान जास्त होता. त्या दिवसापासून मी गल्लीची लवंगी झाले. लवंगी म्हणजे तो छोटा लाल फटाका. असं नाव एकदा पडलं की माणूस त्या नावाला जागायला लागतो. मी वर्गातल्या मुलींच्या वेण्या ओढल्या, दोन दप्तरं विहिरीत टाकली, आणि प्रत्येक वेळी "लवंगीच ती" एवढ्यावर प्रकरण मिटलं. मला कोणी बदलायला सांगितलंच नाही, कारण बदलता येतं असं कोणाला वाटतच नव्हतं.

मामांनीही सांगितलं नाही. त्यांनी मला पांजणीला घेतलं. आता पांजणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ती करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मागावर चढवायचा ताणा, म्हणजे उभे धागे, आधी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर ताणून बांधायचे. त्यांना खळ लावायची, मोठ्या कुंच्यानं ती एकसारखी पसरवायची, आणि ऊन चढायच्या आत सगळं सुकवून गुंडाळायचं. हे एका घराचं काम नव्हे. सगळी गल्ली उतरायची. शेकडो धागे, त्यात कुठे ना कुठे तुटणारच, आणि तुटला की तिथल्या तिथे बोटांना राख लावून पीळ द्यायचा आणि सांधायचा. सांधायला थांबलं की खळ वाळते, पुढचा माणूस ओरडतो, मागचा माणूस ढकलतो. मी बारा वर्षांची असताना मामा म्हणाले, या बाजूला लवंगी बसेल. बायकांनी कपाळाला हात लावला.

पहिला धागा तुटला तो मी सांधला. दुसराही सांधला. तिसरा माझ्याच नखानं तुटला आणि पलीकडून कोणी तरी हसलं. मी मूठ भरून आठ-दहा धागे धरले आणि तोडून टाकले. मला वाटलं, आता मामा मला घरी हाकलतील, निदान कान तरी पिळतील. मामा आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि राखेची वाटी आम्हा दोघांच्या मध्ये ठेवली. "तुटला तर सांधाचा," ते म्हणाले. "कोणाच्यानं तुटला ते मंग पाहू." आम्ही दोघांनी मिळून ते धागे सांधले. ऊन चढलं, तो ताणा थोडा खराबच झाला. मी नंतर बरेच दिवस वाट पाहत होते, पण कोणाच्यानं तुटला ते पाहायची वेळ मामांनी कधी आणली नाही. पुढच्या पांजणीला मला पुन्हा त्याच जागी बसवलं.

एवढ्यावरून मामा संत होते असं कोणी समजू नये. पत्त्यांत ते सर्रास लबाडी करत, आणि पकडले गेले की पान खाली पडलं असं म्हणत. दुसऱ्याच्या विणकामाचं कौतुक त्यांच्या तोंडून निघणं महाकठीण. फार झालं तर "ठीक आहे" म्हणत, आणि ते ऐकायला माणसं आसगावाहून येत. शिवाय कुठल्याही गोष्टीला पटकन हो म्हणणं त्यांना जमतच नसे. सायकल घ्यायला त्यांना चौदा महिने लागले. मुलीला चांगलं स्थळ चालून आलं होतं, ते यांचं पाणी पिऊन होईस्तोवर दुसरीकडे ठरलं. मामी आसगावच्या, धानाच्या बांध्यांत, भातखाचरांत वाढलेल्या, कामाला वाऱ्यासारख्या. त्या म्हणत, "यायले हो म्हणासाठी एक घागर पाणी लागते." पण बायकांत बसल्या की त्याच मामी दुसरं एक वाक्य हमखास सांगत. मले कधी आवाज चढवून बोलले नाही, एक दिवस नाही. ज्या बायकांच्या घरी ताटं भिंतीवर जात, त्या हे ऐकून उठून कामाला लागत. माझी आई त्यांतली एक होती.

मी पुढे शिकले, भंडाऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायला लागले. नवऱ्याची नोकरी वरठीच्या कारखान्यात. तो पहाटे मोटारसायकल काढून जातो. दरवर्षी व्यक्तिमत्त्वाचा धडा येतो. मी फळ्यावर मधोमध एक माणूस काढते आणि दोन्ही बाजूंनी दोन बाण. एक अनुवंश, दुसरा परिस्थिती. मुलं निमूटपणे उतरवून घेतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, की मॅडम, मग त्या माणसाकडून एकही बाण बाहेर का नाही जात? त्याला स्वतःला काहीच करता येत नाही का? मी तिला, धडा नीट वाच, असं तोडून सांगितलं. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर येत नसलं की मला राग येतो.

तो राग एके दिवशी तन्वीवर निघाला. तन्वी माझी मुलगी, तेव्हा नववीत होती. परीक्षा तोंडावर असताना ती आठवडाभर एक चित्र काढत बसली होती. मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा ते चित्र उचललं आणि फाडलं. चार तुकडे. तन्वी रडली नाही. तिनं तुकडे गोळा केले, वहीत ठेवले, आणि पुढचे अकरा दिवस ती माझ्याशी फक्त हो आणि नाही एवढंच बोलली. बाराव्या दिवशी तिनं तिच्या बाबांवर चिडून कंपासपेटी भिंतीवर फेकली. तो आवाज ऐकून मला आमच्या स्वयंपाकघराची भिंत आठवली. त्या रविवारी मी बस धरून पवनीला गेले, आईकडे नाही, मामांकडे.

मामा तेव्हा सत्तरीत होते. भर दुपार होती. मला पाहिल्याबरोबर ते डोळे चोळत उठून परसात गेले. मला वाटलं, भाचीसाठी पाणी आणायला गेले. आले ते रिकाम्या हातानं. मी जे मनात होतं ते एका दमात सांगून टाकलं. "मामा, तुमी जन्माचे थंडे. मी जन्माची अशी. माह्या पोरीचंही आता असंच होईन." मामांनी नुकतीच उचललेली धाग्याची कांडी बाजूला ठेवली. "कोणं सांगतलं तुले, मी जन्माचा थंडा आहो म्हून?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि गल्लीतही कोणाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले होते. मामांचे थोरले भाऊ, ज्यांना ते दादा म्हणत, यांच्याच घरात दुसऱ्या मागावर बसत. मामा बावीस वर्षांचे असताना दादांनी एका व्यापाऱ्यासमोर त्यांच्या लुगड्याची किनार वाकडी आहे असं म्हटलं. किनार वाकडी होतीच. व्यापारी गेला, दादा जेवायला उठले, आणि मामांनी कातर घेऊन दादांच्या मागावरचा आख्खा ताणा कापला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. विणकराच्या घरात याहून वाईट काही करता येत नाही. माणसावर हात उचलला तर तो एकाला लागतो. ताणा कापला तर सगळ्या घराचा महिना कापला जातो.

"दादानं पाह्यलं," मामा म्हणाले. "काही बोलला नाही. उठून मांगं गेला. मले वाटलं, काठी आणाले गेला. मी उभाच राहिलो, म्हटलं मार बापा. तो पाणी पिऊन आला अन् राखेची वाटी घेऊन बसला."

दादा तीन दिवस एकेक धागा सांधत होते, आणि धाकट्या भावाला त्यांनी समोर बसवलं होतं, टोकं शोधून हातात द्यायला. तीन दिवसांत एक शब्द नाही. मामांना आधी वाटलं, दादा मनाचा मोठा आहे, त्याला राग येतच नाही. मग दुसऱ्या दिवशी टोक हातात देताना त्यांचं बोट दादांच्या बोटाला लागलं. दादांचा हात थरथरत होता. इतका, की धाग्याला पीळ बसत नव्हता.

"तेव्हा समजलं," मामा म्हणाले. "राग त्यालेही आला होता. माह्यापेक्षा जास्त आला होता. फक्त तो उठून गेला होता, अन् मी कातर उचलली होती."

मी विचारलं, पाणी प्यायल्यानं राग जातो का. मामा हसले. पाण्यानं काय होतं, म्हणाले, माठ दूर ठेवला आहे ना. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातला माठ उचलून परसाच्या टोकाला नेऊन ठेवला होता. मामी तेव्हापासून भांडत होत्या की माठ चुलीजवळ हवा, प्रत्येक तांब्यासाठी शंभर पावलं कोण चालणार. मामा त्यांना सांगत, लिंबाखाली पाणी गार राहतं.

"आता तरी राग येते काय तुमाले?" मी विचारलं.

"येते ना. रोज येते. आता तू आली तेव्हा आला. माही झोप मोडली तुवं." ते अगदी साधेपणानं म्हणाले. म्हणजे मघाशी ते माझ्यासाठी पाणी आणायला गेलेच नव्हते. "मी थंडा नाही, पोरी. थंडा होऊन राहिलो, इतके वर्षं झाले. पुरा झालो नाही अजून." मग त्यांनी मला बजावलं, "हे मामीले नको सांगजो. तिले वाटते, थंडा नवरा भेटला. वाटू दे."

परत जाऊन मी तन्वीची माफी मागितली. ती लगेच मिळाली नाही, आणि ते बरोबरच होतं. आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. तिथे माठ दूर ठेवायला जागा नाही. म्हणून डोकं तापलं की मी जिने उतरून खाली जाते आणि गाडीला कुलूप लागलं आहे का ते पाहून येते. शेजाऱ्यांना वाटतं, बाईंना चोरांची फार धास्ती आहे. राग गेलेला नाही. चित्र मात्र पुन्हा फाडलं नाही. पुढच्या वर्षी फळ्यावर मी तिसरा बाण काढला, माणसाकडून बाहेर जाणारा. त्याला नाव काय द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मग मामांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं राहिलं, थोडं जडावलेलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूला धक्का बसला आहे, चिडचिड होईल, घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. सांगायला काय जातं. पहिल्याच आठवड्यात मामांनी भाताची वाटी मामींच्या अंगावर फेकली आणि अशी शिवी दिली, की रवी, त्यांचा मुलगा, कानावर हात ठेवून बाहेर निघून गेला. भात गरम होता. मामींच्या हाताला फोड आले. बायकांत बसणं त्यांनी सोडलं.

पुढे हे रोजचंच झालं. राग आला की मामा खुर्चीतून उठायला जात. उठता येत नसे, मग ते पडत. दोनदा पडले, तेव्हा रवीनं त्यांना कमरेशी जुन्या लुगड्यानं खुर्चीला बांधायला सुरुवात केली. बिचाऱ्यानं काळजीपोटीच बांधलं. सुनेला आठवलं, की भांडणात बाबा पाणी पितात, म्हणून ती धावत ग्लास आणून त्यांच्या तोंडाला लावी. मामा डाव्या हातानं तो ग्लास उडवत. घरात पाच-सहा ग्लास चेपले होते. पाणी प्यायचा माणूस पाणीच फेकतो म्हटल्यावर आता पुरतं डोकं गेलं, असं सगळे म्हणू लागले. बापूराव आपल्या ओट्यावर बसून सगळं ऐकत, आणि असली स्वभावाची गोष्ट पहिल्यांदा काढली ती त्यांनीच.

मी भेटायला गेले तेव्हा मामी तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या, "काल मले म्हणते, तुह्यं तोंड पाहून पाहून कटाळलो." आणि एक खडा वेचून, "मंग मी पन्नास वर्षं कोणासंगं राहिली, सांग बरं."

मला उत्तर माहीत होतं. पण ते सांगायचं नाही असा शब्दही दिलेला होता. मी काहीतरी डॉक्टरी बोलले, मेंदूचा अमुक भाग वगैरे. मामींनी ते ऐकून घेतलं, जसं माझे विद्यार्थी ऐकून घेतात. बसमध्ये परत येताना मी स्वतःवर इतकी चिडले होते की कंडक्टरशी भांडले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. मी बसले होते तेवढ्यात सुनेनं चहा आणला, मामांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून ते जोर लावू लागले. रवीनं खांदे दाबले, "बाबा, बसा, बसा." सून ग्लास घेऊन आली. मामांनी तो उडवला. माझ्या पायांवर पाणी आलं आणि मी वर पाहिलं, तर मामा ग्लासकडे पाहतच नव्हते. रवीकडेही नाही. ते परसाच्या दाराकडे पाहत होते.

मी रवीला म्हटलं, लुगडं सोड. तो नको म्हणाला, मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, तेव्हा त्यानं सोडलं. कोपऱ्यात कोणाकडून तरी मागून आणलेली चाकांची खुर्ची धूळ खात उभी होती. आम्ही दोघांनी मामांना त्यात बसवलं. मी ढकलायला हात लावला तर मामींनी मला बाजूला केलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "मामी, माठापर्यंत न्या. सावकाश न्या."

मामी निघाल्या. पुढच्या खोलीत मामा त्यांना शिव्या देत होते. मधल्या खोलीतही देत होते, पण त्यांत खंड पडायला लागला. परसाच्या उंबरठ्यावर रवीनं आणि मी खुर्ची उचलली, तेव्हा ते नुसतेच मोठ्यानं श्वास घेत होते. परस ओलांडून मामींनी खुर्ची लिंबाखाली उभी केली आणि तांब्या भरून दिला. मामांनी तो डाव्या हातानं धरला, अर्धा अंगावर सांडला, अर्धा प्याले. मग मामींकडे पाहून अगदी नेहमीच्या सुरात म्हणाले, "चाय थंडी होती."

मामी माझ्याकडे वळल्या. मी शब्द मोडला. तिथेच, त्या माठाशी, मामांच्या देखत मी त्यांना सगळं सांगितलं. कातर, तीन दिवस, दादांचा हात, आणि मी झोप मोडली म्हणून त्यांना राग आला हे सुद्धा. मामांना किती समजलं कोण जाणे; ते लिंबाकडे पाहत होते. मामींनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हून माठ इथं?" मी हो म्हटलं. त्या बराच वेळ माठाच्या काठावरून हात फिरवत उभ्या होत्या.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दहा खेपांतल्या चार-पाच खेपांना उपयोग व्हायचा. उरलेल्या वेळी मामा जातानाही शिव्या द्यायचे आणि येतानाही. पण बांधणं मात्र थांबलं. मामींनी त्या खुर्चीला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रवीनं उंबरठ्यावर फळ्या टाकून उतार करून दिला, आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई दिवसातून आठ-दहा वेळा ती शंभर पावलं ढकलत जायची आणि ढकलत यायची. तिचे पाय सुजायचे. मी म्हटलं, मामी, आता तरी माठ जवळ घेऊ या. त्या म्हणाल्या, जागच्या जागी राहू दे.

वैशाखात एका सकाळी मामा गेले. तेरवीला गल्ली जमली, आसगावचे लोक आले, माझा नवरा आणि तन्वीही आले. अंगणात मांडवाखाली पुरुषांची पंगत बसली होती आणि मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. बापूरावांच्या पानाशी आले तेव्हा ते शेजारच्याला सांगत होते. बापूराव वाईट माणूस नाही. मामांना खांदा द्यायला तेच पहिले होते. पण बोलायची सवय सुटत नाही. "माणूस भला होता," ते म्हणाले. "पण आखरीले ज्याचा त्याचा असली स्वभाव बाहेर येतेच."

माझ्या तोंडाशी सगळं तयार होतं. चांगली चार-पाच वाक्यं, मांडव उलथून टाकतील अशी, आणि समोर ऐकायला पन्नास माणसं. मी बादली खाली ठेवली. कडी हातातून सोडवली. तेवढा वेळ गेला, आणि तेवढ्यात मामी दारात आल्या. पुरुषांच्या पंगतीत त्या उभ्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला. आवाज चढवला नाही, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं.

"बापूराव, त्यायचा असली स्वभाव कोणता ते मले विचारा. पन्नास वर्षं त्यायले माह्यावर रोज राग आला असन. मले एक दिवस दिसू नाही देला."